हिरवी पाटी, हिरवं झाकण

३ मार्च, सोमवार

आजपासून मी धुलाई कारखान्याची सुरक्षा अधिकारी. शनिवारपर्यंत घडीच्या टेबलांवर देखरेख करणारी बाई होते, आज गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर पिवळी टोपी आली. टोपी मोठी आहे, सारखी डोळ्यांवर उतरते. मॅनेजर साहेब म्हणाले, "शोभतेय." त्यांना काय, फुकटचं कौतुक करायला कधीच जड जात नाही.

ही दैनंदिनी प्रशिक्षण देणाऱ्या गृहस्थांनी लिहायला सांगितली. "रोज दोन ओळी लिहा," म्हणाले. "मोठा अपघात येण्याआधी बऱ्याचदा दार वाजवतो. आपण दार उघडत नाही." वाक्य मला फार आवडलं. पण दोन ओळींत आटोपणं मला जमलं असतं तर घरचे आणि दारचे केव्हाच सुखी झाले असते.

आमच्याकडे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन, पिळून झाल्या की त्या तापलेल्या रोलरमधून जातात. दोन बायका चादरीची दोन टोकं धरून आत सोडतात. रोलरच्या तोंडाशी एक दांडी आहे. बोटं फार पुढे गेली आणि दांडीला लागली की मशीन थांबतं. पण जाड शिवण दांडीला लागली तरी थांबतं, आणि मग पुन्हा सुरू होईपर्यंत काम खोळंबतं. म्हणून जानेवारीत कोणीतरी ती दांडी फाटक्या चादरीच्या पट्टीने बांधून टाकली होती. कोणी, ते अजून कळलेलं नाही. वहिनींची तीन बोटं गेली. वहिनी म्हणजे आमच्या सगळ्यांच्याच वहिनी, मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. मी तेव्हा टेबलापाशी होते. तो आवाज मी लिहिणार नाही.

आता माझ्या डोळ्यांदेखत इथे कोणाच्या नखालाही धक्का लागू देणार नाही. लिहून ठेवते.

१० मार्च

माझी युक्ती साहेबांना पसंत पडली. प्रत्येक विभागात एक गोल पाटी टांगायची, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. कोणाला लागलं, भाजलं, कोणी घसरून पडलं की पाटी उलटी करायची. पाटी हिरवीच राहिली तर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या विभागाला अर्धी सुट्टी. साहेब म्हणाले, "सुट्टीचं नाव काढलं की भिंतीसुद्धा जपून उभ्या राहतील."

बायका खूश झाल्या. रोलरवरच्या टकळीने तिथल्या तिथे जाहीर केलं की अर्ध्या सुट्टीत ती झोपणार आणि नवऱ्याने उठवलं तर त्याच्या गळ्यात लाल पाटी अडकवणार. टकळीचं तोंड म्हणजे वाहता नळ, देवाने चावी बसवायची राहून गेली. माझं नवं नावही तिनेच पाडलंय म्हणे, जपूनबाई. मी दर दोन वाक्यांमागे "जपून!" म्हणते म्हणून. म्हणेनात का. नाव ठेवतात तोवर हात शाबूत आहेत.

१४ मार्च

कारखान्यात सगळं हिरवं आणि घरात आग.

तशी मोठी नव्हती. बाबांनी चहाचं पातेलं उतरवायला खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याचं टोक गॅसच्या ज्योतीला लागलं. त्यांनी तो मोरीत टाकून नळ सोडला. मी कामावरून आले तेव्हा घरभर धूर आणि बाबा पेपर वाचत बसलेले, जसा काही धूर शेजाऱ्यांचा होता.

"असं कसं केलंत?"

"केलं नाही, झालं."

"झालं कसं? टॉवेलला पाय फुटले का?"

घरात आम्ही दोघंच. बाबांनी उभा जन्म बस चालवली. एकही अपघात नाही, त्याचं प्रशस्तिपत्र बाहेरच्या खोलीत चौकटीत आहे. त्यामुळे त्यांना काही सांगायला गेलं की त्यांचं बोट त्या चौकटीकडे जातं. आजही गेलं. मग मात्र माझा तोल सुटला. खूप बोलले. त्यांच्या देखत दादाला फोन लावून सगळं सांगितलं. दादा दुसऱ्या गावी, त्याला तिथून "बाबा, काळजी घ्या हं" म्हणणं सोपं. शेवटी मी हेही म्हटलं की पुन्हा असलं काही झालं तर संध्याकाळचं एकट्याने बाहेर जाणं बंद.

ते रोज संध्याकाळी डेपोजवळच्या चहाच्या दुकानात जातात. जुने ड्रायव्हर, कंडक्टर तिथे जमतात. तेवढ्यासाठी बाबा दुपारपासून दाढी करून, शर्ट बदलून तयार असतात.

ते नुसते चष्मा पुसत राहिले. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी स्वतःला सांगितलं. बरं मात्र वाटलं नाही.

१६ मार्च, रविवार

भांडण मिटवायचं म्हणून एक गंमत केली. डब्याच्या एका जुन्या झाकणाला एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल रंग दिला आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. बाबा हसले.

"म्हणजे आता मीपण तुझ्या हाताखाली?"

"हाताखाली नाही, देखरेखीखाली."

"पगार काय?"

"चहा. पण मी केलेला."

"मग नको नोकरी," म्हणाले. चला, बोलले तरी.

काल त्यांच्या साखरेची तपासणी होती. डॉक्टरांनी तळपायाला टाचणी लावून पाहिली आणि बाबांना कळलंच नाही. पायाची जाणीव बरीच गेली आहे म्हणाले. पायाला जखम होऊ द्यायची नाही, झाली तर त्याच दिवशी दाखवायची. साखरेच्या माणसाची पायाची जखम हां हां म्हणता पाय घेऊन जाते, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाबांनी मान डोलावली. घरी आल्या आल्या टबात गरम पाणी ओतून, मीठ टाकून पाय सोडून बसले. दिवसभर क्लच आणि ब्रेक दाबून पाय ठणकायचे तेव्हाची ही सवय, नोकरी सुटली तरी सुटलेली नाही.

"पाणी आधी कोपराने बघत जा," मी म्हटलं.

"पाणी किती तापलंय ते मला कळत नाही होय?"

"नाही कळत. डॉक्टर तेच सांगत होते."

"त्या डॉक्टरला मिसरूड तरी फुटलंय का?"

२९ मार्च, शनिवार

पहिली अर्धी सुट्टी! सगळ्या पाट्या हिरव्या. टकळीने जाता जाता माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि फाटकापर्यंत "जपून, जपून" करत ठुमकत गेली. सगळ्या जणी हसून लोटपोट. मला वाटलं राग यावा, पण आला नाही. दुपारी घरी येऊन बाबांबरोबर जेवले, गाढ झोपले. घरातलं झाकणही हिरवंच.

८ एप्रिल

आज मोठ्या मीटिंगमध्ये बोलायचं होतं. सुरक्षितता घरापासून सुरू होते, असं म्हणून मी आमच्या झाकणाची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझे वडील या वयात घर हिरवं ठेवतात, मग आपल्याला काय झालंय? टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "तुमच्या वडिलांना एकदा इथे बोलवा, सत्कार करू."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जरा वेळ झाकणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "छान, छान. तुझं नाव झालं ना?"

आज त्यांनी घरात पायमोजे घातले होते. न सांगता! अनवाणी फिरू नका म्हणून डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले, पण हळूहळू उतरतंय डोक्यात. टबही पालथा घालून ठेवलेला दिसला, अगदी कोरडा. ही सवय सुटेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मारून मुटकून का होईना, माणूस सुधारतो.

१३ एप्रिल, रविवार

बाबा स्वतःचे मोजे स्वतः धुतात. मी मागितले तर देत नाहीत. "तू कारखान्यात धुतेस तेवढं पुरे," म्हणाले. ऐकून बरं वाटलं.

औषधांच्या डब्यातला कापूस संपलाय. कान कोरत असतील. उद्या आणायला हवा.

चहाच्या दुकानात जाणं त्यांनी आपणहून बंद केलंय. "तेच ते किस्से, कंटाळा आला," म्हणाले. मला मनातून हायसं वाटलं. तो रस्ता वाहता आहे, फुटपाथ उखडलेले. पण दाढीही करत नाहीत आता. आळस चढलाय.

तिकडे टकळी चार दिवस गप्प. टकळी आणि गप्प! रोलरपाशी भट्टीसारखं तापलेलं असतं आणि ही बया लांब बाह्यांचा स्वेटर घालून उभी. मला नको ती शंका आली. बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही झालंय का? नवरा हात उगारतो का?" तर म्हणे, "नाही हो ताई, कणकण वाटतेय." बाकीच्या बायका चादरींच्या घड्यांकडे बघत होत्या. भांडणच असावं.

१९ एप्रिल

घरात कसलातरी वास येतोय. दोन दिवस शोधतेय. बाबांच्या खोलीत जास्त येतो. उंदीर मेला असेल म्हणून आज कपाट ओढलं, माळा झाडला, फिनाईलने फरशी पुसली. उंदीर सापडला नाही. बाबा पलंगावर बसून बघत होते, पाय चादरीखाली. "असेल कुठेतरी," म्हणाले. "तू कशाला दमतेस?" मदत करू का, हे मात्र विचारलं नाही. मी जरा फणकाऱ्यानेच बादली उचलली. नंतर वाईट वाटलं. चेहरा उतरलाय त्यांचा. उन्हाळा बाधत असेल.

२३ एप्रिल

टकळी आज रोलरपाशी कोसळली.

नशीब, मागे कोसळली. अंगात सणसणून ताप. वारा लागावा म्हणून मी स्वेटरची बाही वर करायला गेले तर ती किंचाळली. आत उशीच्या अभ्र्याची पट्टी गुंडाळलेली होती, कातडीला चिकटलेली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेलं, आणि ते चिघळलेलं. रोलरच्या मागे वाफेच्या पाइपचा जोड गळतोय. त्याच्याभोवतीही कोणीतरी चिंध्या गुंडाळून ठेवल्यात. तिच्या हाताला पट्टी आणि पाइपालाही पट्टी. हे सगळं दोन आठवड्यांपूर्वीचं. सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मी तिला टॅक्सीत घालताना ओरडत होते. "सांगितलं का नाहीस? तोंड एरवी चालतं ना?" ती तापात होती आणि मी ओरडत होते.

२४ एप्रिल

हॉस्पिटलात जाऊन आले. हात वाचेल, डाग राहील. मी पलंगाशेजारी बसले. आज ओरडायचं नाही असं ठरवून गेले होते.

"का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर पाटी लाल झाली असती."

"मग झाली असती."

"तुम्हाला काय होतंय म्हणायला," टकळी म्हणाली. "शनिवारची सुट्टी सगळ्यांची गेली असती. एकीला मुलाला डॉक्टरकडे न्यायचं होतं, एकीच्या आईचं काहीतरी होतं. सगळ्या म्हणाल्या असत्या, हिच्यामुळे गेली. आणि तुम्ही मीटिंगमध्ये एवढं छान बोललात. म्हटलं, जाऊ दे, आठ दिवसांत बरं होईल." मग हसली. "ताई, तुम्हाला एक सांगू? तुमच्याकडे काही घेऊन आलं की तुम्ही पहिलं विचारता, असं कसं केलंस. माणूस दारातूनच मागे फिरतो."

मी तिथेच रडले. माझे डोळे पुसायला तिने स्वतःची चादर पुढे केली. आमच्याच कारखान्यात धुतलेली.

प्रशिक्षणात ते दाराचं वाक्य ऐकून मी मान डोलावली होती. आणि इथे आल्यावर दाराला बाहेरून कडी घालून तिच्यावर हिरवी पाटी टांगली. पाट्या हिरव्या होत्या कारण बायका दुखणं गिळत होत्या. हे मला एकीच्या कोपरापर्यंत भाजलेल्या हाताने शिकवावं लागलं. उद्या पाट्या काढणार. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

घरी आले तर बाबा न जेवता झोपलेले, मोजे घालूनच. उठवलं नाही.

२६ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. या वेळी टकळीच्या नाही, बाबांच्या वॉर्डाबाहेर.

काल मी पाट्या उतरवल्या. साहेब होते बाहेरगावी, म्हणून निभावलं. संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. टकळीचं, पट्टीचं, मी तापलेल्या माणसावर ओरडले त्याचं. मग त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"माझ्या सीटखाली रंगाचा डबा असायचा," म्हणाले.

"कसला डबा?"

"छोटा. बसच्या रंगाचा. सगळ्याच ड्रायव्हरांकडे असायचा. गाडी कुठे घासली की डेपोत शिरायच्या आधी आडोशाला उभी करायची, ब्रशचे दोन हात मारायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते प्रशस्तिपत्र माझं अर्धं आणि त्या डब्याचं अर्धं."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"एकदा ब्रेक नीट लागला नाही. गाडी खांबाला घासली. मी रंग मारला, गप्प बसलो. सांगितलं असतं तर ब्रेक उघडून बघितला असता. दुसऱ्या दिवशी ती गाडी दुसऱ्याला मिळाली. चढावर मागे आली. त्याचा पाय मोडला, नोकरी गेली. त्याच वर्षी मला ही चौकट मिळाली."

"मला कधी बोलला नाहीत."

"कोणालाच नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीला आता ओरडणार नाहीस ना?"

"नाही हो. माझीच चूक होती, तिला काय ओरडू?"

बाबांनी पाय पलंगावरून खाली सोडले. "मग माझा पाय बघतेस का जरा?" म्हणाले.

मोजा निघता निघेना. उंदराचा वास कसला होता ते मला एका क्षणात कळलं.

टबातल्या पाण्याने भाजलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला. पाणी फार तापलं होतं, त्यांना कळलं नाही, फोड दिसले तेव्हा कळलं. आधी वाटलं बरं होईल. मग मी येऊन मीटिंगमधल्या टाळ्या सांगितल्या. मग सांगायची सोयच उरली नाही. "तुझं नाव झालं होतं गं," म्हणाले. "आणि तू मला बाहेर जायला बंदी केली असतीस. मग मीच जाणं बंद केलं. चालवेना."

मोजे. कापूस. न केलेली दाढी. सगळं मी याच वहीत लिहिलंय, आणि शेजारी माझी शहाणपणाची वाक्यं. मागची पानं आज वाचली. वाचवत नव्हती.

३० एप्रिल

उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला. सर्जन बाई तरुण आहेत, नेमकं बोलतात. "आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून काढावा लागला असता," म्हणाल्या. "कोणाच्या लक्षात आलं?"

"कोणाच्याच नाही," मी म्हटलं. "त्यांनी स्वतः सांगितलं."

"मग त्यांनीच पाय वाचवला," त्या म्हणाल्या. मी हे बाबांना सांगितलं. शुद्धीवर येत होते. म्हणाले, "आता सत्कार करायला सांग तुझ्या साहेबांना."

हसले मी. मग जिन्यात जाऊन पोटभर रडले. दादा येऊन गेला. तो मला म्हणाला, "तू घरात असून तुला कळलं नाही?" त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, हे मला माहीत आहे.

१२ मे

बाबा घरी आले त्याला चार दिवस झाले. डॉक्टरांनी सांगितलंय, तळपाय रोज दुसऱ्या कोणीतरी बघायचे, कारण त्यांना ना दिसत ना कळत. पहिले दोन दिवस लाजत होते. मुलीच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, म्हणे. मी म्हटलं, टायर बघतात तसं समजा. तेव्हापासून गाडी स्टँडला लावल्यासारखे येऊन बसतात.

कारखान्यात वेगळंच रामायण. पाट्यांच्या जागी मी फक्त सांगत सुटलेय की काही लागलं, निसटलं, थोडक्यात वाचलं तर येऊन सांगा, सुट्टी कोणाची जाणार नाही, नाव कोणाचं घेणार नाही. पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही. मग टकळी कामावर आली. हाताला पांढरी पट्टी, तोंड पूर्ववत. तिने सगळ्यांसमोर येऊन सांगितलं की बॉयलरकडची एक पायरी डुगडुगते, तिथे ती दोनदा पडता पडता वाचली. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस." सुतार बोलावून दुपारपर्यंत पायरी ठोकून घेतली. मग बायका नळ फुटल्यासारख्या येऊ लागल्या. ओली फरशी, ढकलगाडीचं निखळलेलं चाक, तिच्यात अडकणारी ओढणी. वाफेचा जोड तर बदललाच.

साहेबांनी आज बोलावलं. "बाई, तुम्ही पाट्या काढल्यापासून अपघात वाढले."

"वाढले नाहीत, साहेब. कळायला लागले."

"मोठं हॉटेल तपासणीला येतंय. त्यांना मी काय दाखवू? ही यादी? महिन्याच्या शेवटापर्यंत आकडा खाली आणा, नाहीतर घडीचं टेबल तुमची वाट बघतंय."

आकडा कसा खाली आणायचा ते मला चांगलं ठाऊक आहे. फक्त एकदा भुवया चढवायच्या, उद्यापासून कोणी येणार नाही. पण ते आता माझ्याने व्हायचं नाही.

बाहेर आले तर वहिनी उभ्या. त्या आता मोजणीच्या टेबलावर बसतात, डाव्या हाताने गठ्ठे लावतात. म्हणाल्या, "तुझं ऐकतेय रोज. मलापण एक सांगायचंय." मग इकडेतिकडे पाहिलं. "दांडीला पट्टी मीच बांधली होती. त्या एका हॉटेलच्या चादरींची शिवण जाड, सारखं मशीन थांबायचं, वरून ओरडा बसायचा. सगळ्याच बांधायच्या, त्या दिवशी मी बांधली. चार महिने मी हे कोणाला सांगितलं नाही. माझीच बोटं गेली आणि चोर पण मीच."

मी त्यांना जवळ घेतलं. मग त्यांनाच घेऊन साहेबांकडे परत गेले. साहेबांनी वहिनींच्या हाताकडे पाहिलं आणि बसा म्हणाले. अर्धा तास ऐकत होते. त्या चादरी उद्यापासून वेगळ्या काढून कमी वेगाने सोडायच्या ठरल्या, आणि काम मागे पडलं तर बायकांना बोल लावायचा नाही. माझ्या खुर्चीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२ जून

बाबा आज पहिल्यांदा चहाच्या दुकानात गेले. नवे बूट, हातात काठी, गुळगुळीत दाढी. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, "ड्रायव्हर आपणहून बसमध्ये तपासनीस बसवून घेत नसतो." मी खिडकीत उभी राहिले. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होते. मग भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

परत आले ते थेट स्टुलावर बसले आणि मी काही म्हणायच्या आत बूट काढायला लागले.

"आज पडलो," म्हणाले.

माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

"फुटपाथची कड तुटलीय, तिथे काठी घसरली. कोणी पाहिलं नाही. सांगितलं नसतं तर तुला कळलंही नसतं."

त्यांच्या पँटच्या गुडघ्याला माती होती, तीही त्यांनी झटकलेली. म्हणजे वाटेत एकदा मनात आलं असणार, आणि तरी ते सांगत होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. उद्यापासून जाणं बंद, काही गरज नाही, चहा मी घरी करते. जिभेच्या टोकावर होतं. इतकी भीती मला ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती.

"दुखतंय कुठे?" मी विचारलं.

"गुडघ्याला. पायाचं तू बघ."

मी पाय मांडीवर घेतला. तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाच पाहिली. काही नव्हतं. गुडघा खरचटला होता, तो धुतला, औषध लावलं. बाबा सगळा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, शाळेतलं पोर निकालाच्या दिवशी बघतं तसे. मी बाटलीचं बूच लावलं.

"मग?" त्यांनी विचारलं. "उद्याचं काय?"

"उद्या किती वाजता निघणार?" मी म्हटलं.

बाबांनी पाय खाली घेतला आणि चष्मा काढून पुसला.

"साडेपाचला," म्हणाले. "तू येतेस का? कड कुठे तुटलीय ते दाखवतो."